नुसतं पाणी

आमच्या अंगणातल्या कढीपत्त्याची पानं इतकी रुंद आणि काळपट हिरवी येतात, की आळीतल्या निम्म्या फोडण्या आमच्या कुंपणावर अवलंबून आहेत. खत कुठलं घालता, असं बायका विचारतात. तेव्हा बायको माझ्याकडे बघते आणि मी घोडनदीच्या हवापाण्याचे गुण सांगायला लागतो. खरं कारण वेगळं आहे. त्या झाडाच्या बुडाशी सहा गोल्डफिश पुरलेले आहेत.

हे सहा जण आमच्याकडे नऊ दिवस होते. चिरंजीवांच्या वाढदिवसाला मी तीन फुटी काचेची टाकी आणली, शंभरेक लिटर पाणी मावणारी. दुकानदाराने टाकी, फिल्टर, निळे खडे, तोंडातून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची मगर आणि सहा मासे असा अख्खा संसार एका फेरीत गाडीत भरून दिला. "घरी जायचं, पाणी भरायचं, या बाटलीतले थेंब टाकायचे, मासे सोडायचे. संपलं!" असं म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का निघाला.

चौथ्या दिवसापासून मासे पाण्यावर येऊन आ वासायला लागले. आमच्या घरात कुणी तोंड उघडलं की त्यात काहीतरी घालायची रीत आहे. आई म्हणाली, "भुकेजलेत रे बिचारे." मग सकाळ, दुपार, संध्याकाळ दाणे सुरू झाले. आईचे वेगळे, चिरंजीवांचे शाळेतून आल्यावर वेगळे, आणि रात्री झोपताना मला राहवायचं नाही म्हणून माझे चार. शेवटचा मासा आडवा झाला तेव्हा तळाशी दाण्यांचा थर बसला होता. पंगतीत आग्रह करकरून पाहुण्याला आजारी पाडायची विद्या आम्ही पाण्यातही नेली होती.

दौंडला माझे साडू असतात. रेल्वेत नोकरी, रेल्वेतूनच निवृत्ती, आणि घरही असं घेतलं की गच्चीवरून यार्ड दिसावं. त्यांच्या हॉलमध्ये बारा वर्षं एक टाकी चालू आहे आणि तिच्यातले काही मासे माझ्या लग्नाच्या फोटोत आहेत असा त्यांचा दावा आहे. मी फोन करून दुःखद बातमी सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, "टाकी सायकल केली होती का?"

"सायकल मागच्या वाढदिवसाला घेतली. यंदा टाकी."

पलीकडून बराच वेळ नुसता शंटिंगचा आवाज येत राहिला.

मग साडूंनी मला त्यांच्या भाषेत समजावलं. "पाव्हणं, मासा जिथं जेवतो तिथंच सगळं उरकतो. कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनियाच होतो. अमोनिया म्हणजे मनमाडकडनं आलेली गाडी समजा. दौंडात आली. आता तिला पुण्याला जायचं तर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायला पाहिजे. ते लावणारी गँग म्हणजे जिवाणू. एक गँग अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच, माशाचं रक्त तपकिरी पाडतं, मग भोवती प्राणवायू असून त्याला उचलता येत नाही. म्हणून दुसरी गँग लागते, ती नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट म्हणजे मालगाडी. दोन-चार यार्डात उभ्या राहिल्या तरी कुणाचं अडत नाही, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातात. तुमच्या यार्डात गँग भरतीच झाली नव्हती, आणि तुम्ही गाड्या सोडत बसलात."

(कॉर्ड लाइनचं स्टेशन झाल्यापासून बऱ्याच गाड्या दौंडात न शिरता बाहेरच्या बाहेर वळतात. साडूंना ते लागलेलं आहे. उपमा मात्र त्यांनी जुनीच ठेवली आहे.)

"भरतीला किती दिवस लागतात?"

"सहा आठवडे धरा."

"आणि तोवर टाकीत काय ठेवायचं?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पाणी. आणि सिग्नल पडल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही."

नुसतं पाणी हे दोन शब्द उच्चारायला सोपे आहेत. पण आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं आहेत. इथे पाणी एक तर प्यायचं असतं, नाहीतर उसाला द्यायचं असतं. ते काचेत भरून, वर दिवा लावून, रिकामं ठेवून द्यायचं, हे सांगायला तोंड लागतं. शिवाय ज्यांच्यासाठी ठेवायचं ती मंडळी डोळ्यांना दिसत नाहीत.

ती दिसत नाहीत हे काही आजचं दुखणं नाही. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८५० साली काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून सगळं कसं एकमेकांना सांभाळून घेतं ते मांडलं. त्याच्या हिशेबात वनस्पती होत्या, प्राणी होते. खडे-काचेला चिकटून राबणारे जिवाणू नव्हते. पुढे विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते वेगळे काढून दाखवले आणि हे एकाचं काम नसून दोघांचं आहे हेही सांगितलं. हा गृहस्थ तरुणपणी पियानो शिकत होता. तो सोडून इकडे वळला. माशांच्या टाकीत दुसऱ्या गँगचं काम करणारा नायट्रोबॅक्टर, असं मग सगळे धरून चालले. १९९८ साली कुणीतरी नीट तपासलं तर गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोबॅक्टर जवळपास सापडेना. काम नायट्रोस्पायरा करत होता. म्हणजे मस्टरवर नाव एकाचं, आणि पाटी-फावडं भलत्याच्याच हातात. हे वाचून मला ते जिवाणू एकदम आपल्याकडचे वाटायला लागले.

यंदा आषाढी झाली आणि मी कामाला लागलो. गणपतीपर्यंत मासे पोहताना दिसले पाहिजेत, असा बेत.

रिकाम्या टाकीत जिवाणू आणायचे तर त्यांना खायला अमोनिया हवा. मासा नाही, तर अमोनिया कुठला? त्यासाठी अमोनियम क्लोराइड वापरतात, असं कळलं. म्हणजे आपला नवसागर! लहानपणी दारात कल्हईवाला यायचा. तापलेल्या पातेल्यात तो नवसागराची पूड टाकायचा आणि पांढऱ्या धुराबरोबर नाकात जो झणका जायचा तो अजून आठवतो. शंभर लिटरला पाऊण ग्रॅमसुद्धा पुरे. साडूंच्या टाकीतला जुना स्पंजही आणायचा होता, म्हणून एका रविवारी मोटारसायकल काढली. न्हावरा, पारगाव, चौफुला, पाटस, दौंड. निघताना बायकोने सांगितलं, "केडगावहून गुळाची ढेप आणा, गौरी-गणपतीला लागेल." दौंड तालुक्यातला गूळ सोडून दुसरा आमच्याकडे चालत नाही.

केडगावच्या बाजूला एका दुकानात दहा किलोची ढेप घेतली. पैसे देता देता सहज विचारलं, "नवसागर आहे का?"

दुकानदाराने ढेपेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग रस्त्याकडे. आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुरटी पण बांधू का?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला अर्धं मिनिट लागलं. गावठी दारूच्या अड्ड्यावर धाड पडली की पेपरात जप्त मालाची यादी येते: गूळ, नवसागर, तुरटी. दोन जिनसा मी आपल्या तोंडाने मागितल्या होत्या.

"अहो, तसं नाही. माशांसाठी पाहिजे."

"कसले मासे?"

"मासे अजून नाहीत. सध्या नुसत्या पाण्यात टाकायचाय."

"समदेच पाण्यात टाकतात, साहेब," तो म्हणाला, आणि मी काउंटरवर ठेवलेली ढेप हळूच स्वतःकडे ओढून घेऊ लागला. मी ती परत ओढली. नवसागर मिळाला नाही. गूळ मात्र सोडवून आणला.

दौंडला साडूंनी फिल्टर उघडून स्पंजचा एक तुकडा कापला. तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीसारखा वास. त्यांनी तो दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा दिला. "हे विरजण आहे. त्याच टाकीच्या पाण्यात ठेवा, सुकू देऊ नका, नळाचं पाणी लागू देऊ नका. क्लोरीन लागला की मेले सगळे. आणि मधूनमधून झाकण उघडा, त्यांना हवा लागते." विरजण म्हटल्यावर मला सगळं एकदम कळलं. इतके दिवस परकी नावं ऐकून घाबरलो होतो. बिनविरजणाचंही दही लागतं, पण कधी लागेल त्याचा भरवसा नाही. शेजारून चमचाभर आणलं की काम सोपं.

परतताना पारगावला भीमेच्या पुलाअलीकडे चहाला थांबलो आणि डबा उघडून टोपीने वारा घालायला लागलो. टपरीवरच्या चार जणांनी डब्यात वाकून पाहिलं.

"काय आहे?"

"विरजण."

"कशाचं?"

"पाण्याचं."

त्यांनी आपापले कप उचलून पलीकडच्या बाकड्याचा आसरा घेतला. पुलावरून खाली बघितलं तर भीमा हिरवीगार दिसत होती, काठाकाठाने जलपर्णी. पुण्याचं सांडपाणी अंगावर घेऊन मुळामुठा थोडी वरच्या अंगाला भीमेला मिळते. जलपर्णीला तेच खत, जसं आमच्या कढीपत्त्याला सहा गोल्डफिश. पुढे हे पाणी उजनीत जाणार, आणि तिथली चिलापी खायला माणसं पुण्याहून गाड्या काढून भिगवणला येणार. माझ्या डब्यातल्या मंडळींना शंभर लिटरची नोकरी होती. खाली नदीत त्यांच्या भाऊबंदांवर अख्खं शहर पडलं होतं, तेही प्राणवायू तुटपुंजा असताना. चहा संपवून निघालो.

नवसागराची सोय शेवटी बाजारात झाली. मूठभर सुकट घेतली, धुतली, फडक्यात बांधली आणि पुरचुंडी टाकीत सोडली. ती कुजली की अमोनिया तयार. आमची आई माळकरी आहे. तिने पुरचुंडीकडे बघून विचारलं, "हे काय?"

"सुकट."

"म्हणजे जिवंत मासे आणायच्या आधी मेलेले आणायचे?"

"हो. ते कुजले की मग जिवंत जगतात."

आईने जपाचा पाट उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. तिसऱ्या दिवशी वास सुटला तेव्हा बायकोनेही तिकडेच मुक्काम हलवला. पाणी दुधाळ झालं. गल्लीतली दोन मांजरं दारात येऊन बसली. सबंध आळीत माझ्या प्रयोगावर श्रद्धा असलेली तेवढीच मंडळी.

रोज सकाळी मी काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचो आणि रंग कागदाशी ताडून पाहायचो. अमोनिया असला की हिरवा, नसला की पिवळा. नायट्राइट असला की जांभळा. आकडे लिहायला 'कालनिर्णय'सारखी जागा नाही. दुधाच्या हिशेबाशेजारी मी ते मांडू लागलो. "दूध १॥ लि. अमो. ४." आईने ते वाचलं आणि दोन दिवस वड्याचा बेत रद्द ठेवला. अमो. म्हणजे अमावस्या, आणि ती या महिन्यात चार दिवस आहे, असा तिचा समज झाला होता.

पाहुण्यांचं काय सांगावं! आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "मासं कुठायत?" मी आधी नायट्रोजनपासून सुरुवात करायचो. तोवर त्यांचा चहा निवायचा. "येतील" म्हणून पाहिलं, तर "कुठनं?" असं विचारून माणसं खिडकीकडे बघायची. एकाने तर वाकून, डोळे बारीक करून, पाच मिनिटं टाकीत निरखलं आणि "हां, दिसला एक" म्हणून मान डोलावली. न दिसल्याचा कमीपणा नको. मग श्रावण लागला आणि देवच पावला. "मासे कुठायत?" "श्रावण आहे ना." "हां, बरोबर." एका शब्दाने पुढे कुणी विचारलं नाही. हे कारण तर्काच्या कुठल्याच काट्यावर टिकणारं नव्हतं, पण महिनाभर चाललं.

चाललं नाही ते फक्त आशाताईंपुढे. डेंग्यूच्या दिवसांत त्या घरोघर पाणी तपासत येतात. त्यांनी टाकीत बॅटरी मारली. "सर, साठवलेलं पाणी, वर झाकण नाही, आत मासे नाहीत. मी काय लिहू? आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा असतो."

"अहो, कोरडा दिवस पाळला तर सगळे मरतील."

"कोण?"

मी फिल्टरकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे बॅटरी मारली आणि वहीत काहीतरी बरंच लिहिलं. पाणी हलतं आहे, एकही अळी नाही, हे त्यांनी मान्य केलं. जाताना म्हणाल्या, "गप्पी मासे देते की, सोडा दहा. फुकट आहेत." मी म्हटलं, आत्ता नको, मरतील. आशाताई हसल्या. "गप्पी? गटारात मरत नाहीत ते, तुमच्या काचेत मरतील?"

ह्या वाक्याने मला एक रात्र झोप लागली नाही.

तेविसाव्या दिवशी अमोनियाचा रंग पिवळ्याकडे झुकला होता, नायट्राइट गडद जांभळा. म्हणजे पहिली गँग रुजू, दुसरी वाटेवर. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. संध्याकाळी ऑफिसमधून आलो तर घर लख्ख, आणि दोरीवर, माझा टॉवेल आणि आईचं नऊवारी यांच्या मधोमध, चिमट्याला लावलेला फिल्टरचा स्पंज. पांढराशुभ्र.

"किती घाण धरलेली त्यानं," आई म्हणाली. "साबणाची अर्धी वडी गेली."

दौंडचं विरजण, दीड-दोन तास वारा घालत आणलेलं, मोरीतून घोडनदीकडे मार्गस्थ झालं होतं. आईला काय बोलणार? जन्मभर तिने जे काळं-तपकिरी दिसलं ते घासलं, म्हणून आम्ही धडधाकट राहिलो. साडूंना फोन केला. ते म्हणाले, "खड्यांना थोडे चिकटलेले असतील. लाइन ब्लॉक झाली समजा. पंधरा दिवस लेट." मांजरं दारात येऊन बसली, नवीन सुकट आणावी लागली.

गणपती आले. नायट्राइट अजून जांभळाच. मखरासाठी हॉलमध्ये दुसरी जागा नव्हती, त्यामुळे गणपती टाकीशेजारी बसले. वर दिवा, खाली स्वच्छ, निवळशंख पाणी, हलके बुडबुडे. माणसं दर्शनाला येत होती. आणि त्या दिवशी एकानेही "मासे कुठायत" म्हणून विचारलं नाही. शेजारच्या आजींनी गणपतीला हात जोडले, मग टाकीला जोडले. "कुठलं तीर्थ म्हणायचं?" त्यांनी विचारलं. मला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. "भीमेकाठचं," मी म्हटलं. दौंड भीमेकाठीच आहे. आजींनी डोळे मिटले, पदराच्या गाठीतून रुपया काढून टाकीत टाकला आणि त्यावर चिमूटभर हळदकुंकू वाहिलं. मागच्या पाच जणींनी ते पाहिलं.

आरती होईस्तोवर टाकीत अकरा रुपये जमले होते. नायट्राइट, हळद आणि कुंकू यांचा मिळून जो रंग आला तो माझ्या कागदावर नव्हता.

अनंत चतुर्दशीनंतर पाचव्या दिवशी सकाळी दोन्ही नळ्यांनी शून्य दाखवलं. सुकटीची पुरचुंडी काढली, निम्मं पाणी बदललं, पगार पुन्हा गोल्डफिशवर घालवायची छाती नव्हती म्हणून आशाताईंना फोन केला. त्यांनी आरोग्य केंद्राच्या हौदातले दहा गप्पी पिशवीत घालून आणले. डास खायला म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या देशात आणलेला हा मासा. करंगळीच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली, मग तोंड सोडलं. दहाही जण मगरीच्या जबड्यातून आत-बाहेर करू लागले. दुसऱ्या दिवशी सगळे होते. दहाव्या दिवशी, नऊची हद्द ओलांडून, चौदा झाले. पिल्लं मोजायला मी बायकोला झोपेतून उठवलं.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे गटारातले मासे आहेत. सगळ्यांना माहितीये."

त्या संध्याकाळी समोरचे काका वाटी घेऊन दारात उभे राहिले. श्रावणभर त्यांनी माझी टाकी बघून मान हलवली होती. "तुमचं बघून आम्हीबी टाकी घेतली," ते म्हणाले. "ते विरजण म्हणता ते वाटीभर द्या."

मला भरून आलं. फिल्टर उघडून स्पंजचा कोपरा कापला, टाकीच्याच पाण्यात वाटीत ठेवला, आणि साडूंनी सांगितलं तसं सगळं सांगायला बसलो. सुकू द्यायचा नाही, क्लोरीन नको, साबण तर नकोच, पाच-सहा आठवडे धीर धरायचा.

"धरू की," काका म्हणाले, आणि घाईने मागे वळले. फाटकाबाहेर त्यांची स्कूटर चालूच होती. हँडलला फुगवलेल्या दोन पिशव्या लटकत होत्या, आणि त्यांत आठ गोल्डफिश आ वासून माझ्याकडे बघत होते.